कण्हाच्या शिष्याचा दाखला

कर्जत तालुक्यातील कोंडिवड्यावरून राजमाचीच्या पायथ्याचे रान चढून गेले म्हणजे कोंडाण्याची लेणी लागतात, आणि तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, कण्हाचा शिष्य बलक याने हे घडविले, एवढाच मजकूर ब्राह्मी अक्षरांत कोरलेला दिसतो. कण्ह म्हणजे कृष्ण, काळा. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपल्या कृतीवर गुरूचेही नाव दाखल केले, हे मला फार मोलाचे वाटते.

कला अनेक हातांची असते हे आपण मान्य करतो. सौंदर्यशास्त्र मात्र एकट्या पंडिताच्या एकांतातून निपजते, असा आपला समज. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी तो खोटा पाडला. अॅलन लॉक यांनी 1925 मध्ये ‘द न्यू निग्रो’ हा अनेक लेखण्यांचा संग्रह सिद्ध केला. 1968 मध्ये लेरॉय जोन्स, म्हणजेच पुढचे अमिरी बराका, आणि लॅरी नील यांनी मिळून ‘ब्लॅक फायर’ संपादिला. आणि 1971 मध्ये अॅडिसन गेल यांच्या ‘द ब्लॅक एस्थेटिक’मध्ये संगीत, काव्य, नाट्य आणि कथासाहित्य यांची मीमांसा एकाच पंक्तीस बसली. गोऱ्या समीक्षकांच्या मापाने आपली कला मोजू द्यायची नाही, तर माप आपल्याच जीवनातून घडवायचे, हा विशेषतः शेवटच्या दोन ग्रंथांचा आग्रह होता. आणि एकट्याचे म्हणणे गाऱ्हाणे म्हणून दफ्तरी पडले असते, ते अनेकांनी मिळून मांडल्यामुळे शास्त्र झाले.

मराठीला हा मुलूख परका नव्हता. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ महात्मा फुल्यांनी 1873 मध्येच अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला होता. पुढे औरंगाबादेत म. ना. वानखडे यांनी निग्रो साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले, जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला, गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने वादाला व्यासपीठ दिले; आणि ज्या साहित्यात वेदना आणि नकार आहे त्याला केवळ आनंदाचा निकष कसा पुरेल, हा प्रश्न शरणकुमार लिंबाळ्यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात रोखठोक विचारला. तो ग्रंथ आलोक मुखर्जींच्या अनुवादाने 2004 मध्ये इंग्रजीत गेला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या ऋणाची काही फेड झाली, असे मी मानतो.

परक्या मापाने मोजण्याची चूक माझ्याही हातून झाली. खालापूरकडील एका कातकरी वाडीत उतरवून घेतलेले गाणे माझ्या वहीत आहे. त्यातील एका पालुपदापुढे मी ‘निरर्थक’ असा शेरा लिहिला होता. गाणाऱ्या आजीने ओसरीवर हात थापून दाखविले, की तो वीटभट्टीवर विटा पाडतानाचा ठेका आहे. शेरा मी तेथेच खोडला, आणि समासात लिहिले: अर्थ आजीने सांगितला.