इंजिनाचे गाऱ्हाणे

कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मोटारसायकलीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गाऱ्हाणी ऐकणे हेच ज्याचे नित्याचे काम, त्याला इंजिनाचे गाऱ्हाणे परके का वाटावे? ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाळी सुटली की नव्या गाड्यांच्या गर्दीत एखादी जुनी बुलेट आजही दिसते. एके दिवशी तिच्या पोटातून निराळाच आवाज येऊ लागतो. मालक घाबरतो, शेजारी म्हणतो, "इंजिन उघडा." उघडण्यापूर्वी ऐकावे कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. ही गाडी मूळची इंग्लंडातली. 1955 सालापासून मद्रासमध्ये तिची जुळणी होऊ लागली आणि पुढे सबंध गाडीच तेथे बनू लागली. साडेतीनशेच्या जुन्या इंजिनात सिलिंडर एकच. त्याचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. जेथे एक भाग दुसऱ्यावर फिरतो किंवा सरकतो, तेथे केसाएवढी फट ठेवावीच लागते व ती तेलाने भरलेली असावी लागते. फट वाढली किंवा तेल आटले की धातू धातूवर आपटतो. आवाज म्हणतात तो हाच.

म्हणून पहिला प्रश्न : आवाज केव्हा होतो? सकाळी थंड इंजिनात खडखड होते आणि दोन-तीन मैलांत ती विरते, तर तो बहुधा पिस्टनचा आवाज. ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक फुगते, त्यामुळे गरम झाल्यावर फट भरून निघते. अशा गाडीला थोडे सबुरीने तापू द्यावे, घाबरू नये.

दुसरा प्रश्न : कोणत्या कामाच्या वेळी होतो? पारसिकच्या टेकडीचा चढ वरच्या गियरात चढताना, मूठ पिळली की बारीक खणखण ऐकू येते. बहुधा ठिणगी वेळेआधी पडत असते, किंवा सिलिंडरच्या माथ्यावर काजळी साचलेली असते. येथे टायमिंग तपासावे. सुटे भाग विकत घेण्याची घाई करू नये.

तिसरा प्रश्न : आवाज कोठून येतो? येथे लांब पेचकस कामी येतो. त्याचे टोक इंजिनाच्या कवचावर ठेवावे व मूठ कानामागच्या हाडाला लावावी. फिरत्या भागांपासून मात्र दूर राहावे. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1816 साली कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली, त्यातलीच ही युक्ती.

वरच्या बाजूला शिवणयंत्रासारखी टिकटिक असेल तर टॅपेट पाहावे. इंजिन अगदी थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलता कामा नये. डाव्या अंगाला खळखळ असेल तर प्रायमरी चेन सैल झाली असेल. क्लच दाबताच आवाज बदलला, तर दोष क्लचमध्ये किंवा गियरबॉक्सकडे शोधावा. सायलेन्सरची नळी सिलिंडरच्या तोंडाशी ढिली झाली तरी टॅपेटसारखीच टिकटिक होते. तेथे काजळीचा काळा डाग सापडतो. आणि या सर्वांच्या आधी इंजिनाचे व मडगार्डाचे बोल्ट पान्ह्याने आवळून पाहावेत. पुष्कळ भुते तेथेच मरतात.

एक आवाज मात्र असा आहे की त्यापुढे तडजोड नाही. खोल, जड ठकठक. इंजिन गरम झाल्यावरही न जाणारी, उलट ओझ्याखाली वाढणारी. हा बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा आवाज. जुन्या बुलेटमध्ये तेथे तेलाच्या पडद्यावर तरंगणारा बुश असतो. तेल कमी पडले की तो झिजतो. काढलेल्या तेलात धातूचे चकचकीत कण दिसले तर शंका उरत नाही. गाडी तेथेच बंद करावी व टेम्पोत घालून न्यावी. रॉड तुटला तर कवच फोडून बाहेर येतो, किंवा भर वेगात मागचे चाक जाम होते. मग प्रश्न गाडीचा न राहता जिवाचा होतो.

हे सगळे जाणणारा कान मिस्त्रीला पुस्तकातून मिळत नाही. वर्षानुवर्षांच्या कामाने तो घडतो. आणि तो नाजूकही असतो. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा घातली आहे, कारण गोंगाटाने कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. रस्त्याकडेच्या गॅरेजात ही मर्यादा मोजायला कोण जातो?

आता व्यवहाराचे बोलू. आपण मिस्त्रीला मजुरी देतो ती भाग बदलल्याची. अर्धा तास ऐकून त्याने नुसता एक नट फिरवला, तर आपण म्हणतो, "केलेत काय, की पैसे मागता?" मग पोटासाठी तो भाग बदलू लागला, तर दोष कोणाचा? ज्या कामाला दाम नाही, ते काम हळूहळू नाहीसे होते. निदानाची मजुरी वेगळी ठरवावी व ती घासाघीस न करता द्यावी. न उघडलेले इंजिन हीदेखील कमाईच आहे, आणि ती मालकाच्याच खिशात राहते.