पहारा नको, अधिकार हवा!

२२ डिसेंबर २०१२ रोजी सकाळी राजधानीतील विजय चौकात जमलेल्या गर्दीला नेता नव्हता आणि तिच्या हाती कोणत्याही पक्षाचा झेंडाही नव्हता. महाविद्यालयांत शिकणाऱ्या, वसतिगृहांत राहणाऱ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली त्या गर्दीच्या अग्रभागी होत्या. मुनीरकाहून बसमध्ये चढलेल्या एका विद्यार्थिनीवर १६ डिसेंबरच्या रात्री झालेल्या अत्याचाराने त्या रायसिना टेकडीच्या पायथ्याशी आल्या होत्या. त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले, अश्रुधूर सोडला गेला. मात्र दुसऱ्याच दिवशी सरकारला न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ‘आम्हाला सुरक्षित ठेवा’ ही या मुलींची मागणी होतीच. पण ‘आम्हाला मोकळेपणाने फिरू द्या’ ही मागणीही त्यांच्या फलकांवर होती. पहिली मागणी राज्यकर्त्यांना तत्काळ समजली. दुसरी अद्यापही पुरती उमगलेली नाही.

भारतातील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यांचा इतिहास पाहिला तर एक बाब ठळकपणे जाणवते. त्यातील जवळजवळ प्रत्येक पाऊल एखाद्या तरुण मुलीने किंवा स्त्रीने गप्प राहण्याचे नाकारल्यामुळे पडले आहे. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून देशाला ठाऊक झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरविले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा आशय होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काला आव्हान दिले. देशभर स्त्रीसंघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अत्याचारात ‘संमती नव्हती’ हे स्त्रीचे म्हणणे ग्राह्य धरण्याचे तत्त्व तेव्हा कायद्यात आले.

भंवरीदेवींची कथाही याच वळणाची. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या या स्त्रीने १९९२ मध्ये एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याची शिक्षा म्हणून आपल्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार तिने केली. खालच्या न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. तिला न्याय मिळाला नाही. पण सरकारी काम करताना घडलेल्या या प्रसंगातून प्रश्न उभा राहिला, की कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या सन्मानाची जबाबदारी कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकालात त्याचे उत्तर दिले आणि मालकावर, म्हणजे शासनावरही, ही जबाबदारी टाकली. त्या मार्गदर्शक तत्त्वांना संसदेने कायद्याचे रूप देईपर्यंत २०१३ साल उजाडले. सोळा वर्षांच्या त्या काळात केंद्रात निरनिराळ्या आघाड्यांची सरकारे येऊन गेली, हे येथे नमूद करायला हवे.

वर्मा समितीने अवघ्या २९ दिवसांत अहवाल दिला. पाठलाग करणे, चोरून पाहणे, तेजाब फेकणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. तक्रार नोंदविण्यास नकार देणारा पोलीस अधिकारीही शिक्षेस पात्र ठरला. परंतु समितीने न सुचविलेली फाशीची तरतूद सरकारने स्वीकारली आणि समितीने सुचविलेल्या काही मूलभूत गोष्टी बाजूला ठेवल्या. विवाहांतर्गत बलात्काराला असलेली सूट काढून टाकण्याची शिफारस त्यांपैकी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हाही ही सूट नव्या कलमात कायम राहिली. शिक्षा कठोर करणे राजकीयदृष्ट्या सोपे असते; घरातील सत्तासंबंधांना हात घालणे अवघड असते, हाच याचा अर्थ.

आकडेवारी नेमकी याच घराकडे बोट दाखवते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरील गुन्ह्यांची संख्या ४,४५,२५६ इतकी आहे. बलात्काराच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो, असे हे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. धोका मुख्यतः परिचितांकडून आहे. पण बंधने मात्र रस्त्यावर जाणाऱ्या मुलीवर येतात. रात्री आठला वसतिगृहाचे दार बंद, ग्रंथालय मुलांसाठी मध्यरात्रीपर्यंत खुले, बाहेर जायचे तर पालकांचे पत्र. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्येच बजावले होते, की सुरक्षेच्या नावाखाली विद्यार्थिनींच्या हालचालींवर पहारा ठेवू नये. तरीही २०१५ मध्ये दिल्लीतील विद्यार्थिनींना ‘पिंजरा तोड’ म्हणत रस्त्यावर यावे लागले. मुखर्जीनगर आणि राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांसाठी महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनाही हा प्रश्न परका नाही. मुलगी उद्या जिल्हाधिकारी व्हावी, असे स्वप्न पाहणारे घरच आज तिला दिवेलागणीआधी खोलीवर परतण्याची ताकीद देत असते.

मोकळेपणाने वावरण्याचा खर्च राज्याने उचलावा, हा विचार मात्र अधूनमधून डोकावतो. दिल्ली सरकारने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, स्त्रियांसाठी बसप्रवास विनामूल्य केला. त्यामागे निवडणुकीचे गणित होते, हे उघड आहे. तरीही बसमध्ये स्त्रियांची संख्या वाढणे हीच स्त्रियांची सुरक्षितता असते. त्या हिशेबाने हा निर्णय एखाद्या नव्या पहाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा ठरतो. निर्मनुष्य रस्त्यावरचा कॅमेरा घडलेले टिपतो. वर्दळीचा रस्ता ते घडूच देत नाही.

तथापि आवाज उठविणाऱ्या मुलीचे पुढे काय होते, ही खरी कसोटी. जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगीर आंतरराष्ट्रीय पदके जिंकलेल्या होत्या. देशाने त्यांना डोक्यावर घेतले होते. तरीही कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धची त्यांची तक्रार नोंदविली जाण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यावे लागले. त्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयच करेल. पण २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन होत असताना त्याच खेळाडूंना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेल्याचे दृश्य देशातील प्रत्येक खेडेगावातल्या मुलीने पाहिले. ऑलिम्पिक पदक असूनही ऐकले जात नसेल, तर शाळेच्या मैदानावरच्या मुलीने कोणाच्या भरवशावर तोंड उघडावे?

या प्रश्नाचे उत्तर भाषणांत नाही, ते कार्यालयांच्या फायलींत आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, किमान निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी व घरकामगारांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती हवी. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी समिती केवळ फलकावर असते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाने याचे दुसरे टोक दाखविले. विद्यार्थिनींच्या २००९ मधील तक्रारींवर समितीने घाईघाईने चौकशी उरकली. परिणामी, बडतर्फीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचे न्यायालयाने त्या वेळी नोंदविले. दिरंगाईने जशी तक्रारदाराची हानी होते, तशीच ती नियम न पाळता केलेल्या घाईनेही होते. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येणे हा त्या विद्यार्थिनींवरचाही अन्यायच आहे.

शाळेचा प्रश्न तर याहून मागे आहे. किशोरवयीन मुलामुलींना शरीर, संमती आणि परस्परांविषयीचा आदर यांचे शिक्षण देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २००७ मध्ये अनेक राज्यांनी रोखला. त्यांत महाराष्ट्रही होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, त्या राज्यात ऐंशी वर्षांनंतर हे घडावे, यापरता विरोधाभास कोणता? २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही या शिक्षणाविरुद्ध कौल दिला. मग आपल्याशी झाले ते काय होते, हे सांगायला मुलीकडे शब्दच नसतात. आणि आपण केले ते चूक होते, हे मुलाला कोणी शिकविलेलेच नसते. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा न्यायालयात पोहोचलेल्या मुलीसाठी आहे. तिथवर पोहोचण्याचे बळ वर्गातूनच यावे लागते.

सक्षमीकरण हा शब्द शासकीय परिपत्रकांत घासून गुळगुळीत झाला आहे. मुलींना कराटे शिकवून किंवा मिरपुडीची डबी देऊन ते साधत नाही. आपला अधिकार कोणता हे तिला ठाऊक असणे, तक्रार ऐकणारी यंत्रणा जागी असणे आणि तक्रारीची किंमत तिला शिक्षण वा नोकरी गमावून मोजावी न लागणे, या तीन गोष्टी जुळल्या तरच त्या शब्दाला अर्थ येतो. यांपैकी दुसरी आणि तिसरी बाब राजधानीच्या मंत्रालयांत बसणाऱ्या, त्यांत मराठी अधिकारीही आले, अनेकांच्या सहीच्या टप्प्यात आहे. आपल्या कार्यालयातील समितीची शेवटची बैठक कधी झाली, बाहेरचा सदस्य कोण आहे आणि गेल्या वर्षीचा अहवाल सादर झाला का, ही विचारणा करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. विजय चौकात पाण्याचे फवारे झेलणाऱ्या मुलींपैकी अनेकजणी आज याच कार्यालयांत काम करीत असतील. उत्तराची वाट त्याही पाहत आहेत.