दोन पांढरी घरे

प्रागमधील म्युलर यांचे घर १९३० साली पुरे झाले आणि पॅरिसजवळ प्वासी येथील साव्हॉय यांचे घर १९३१ साली. दोन्ही पांढरी, दोन्हींच्या भिंती नक्षीवाचून कोऱ्या. दुरून पाहणाऱ्यास ती सख्खी भावंडेच वाटावीत. परंतु उंबरठा ओलांडला की ध्यानात येते, की त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत.

म्युलरगृहाचे शिल्पकार आडॉल्फ लोस. निरर्थक अलंकरणावर त्यांनी केलेला प्रखर हल्ला ल कॉर्ब्युझिए यांनी १९२० साली पॅरिसमधील आपल्या नियतकालिकात छापला होता. चंडीगडचे रचनाकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच साव्हॉयगृहाचे हे निर्माते. म्हणजे विचाराचे मूळ बरेचसे एक. फुटलेल्या फांद्या मात्र दोन.

लोस यांच्या मते खोलीला केवळ लांबीरुंदी नसते, उंचीही असते. दिवाणखाना उंच असावा, एकांताची खोली ठेंगणी. म्हणून त्यांच्या घरात खोल्या निरनिराळ्या पातळ्यांवर असून चार-दोन पायऱ्यांनी जोडलेल्या आहेत. गृहिणीच्या छोट्या खोलीतून दिवाणखान्यावर नजर ठेवता येते. रस्त्याकडे घर अबोल असते. संगमरवराचे आणि महोगनीचे वैभव आतल्यांसाठीच.

कॉर्ब्युझिए यांनी घराचा भार काँक्रीटच्या खांबांवर सोपविला. भिंती त्या ओझ्यातून मोकळ्या झाल्या. खिडक्या लांबच लांब, आडव्या धावू लागल्या. खाली मोटार वळावी, मधल्या उतरणीने चालत गच्चीवरील बागेत पोहोचावे आणि वाटेत निसर्गाची चित्रे पाहावीत, अशी ही योजना. लोस यांचे घर आत वळून पाहते. हे घर बाहेर पाहते.

परंतु हे देखणे घर पावसात गळू लागले. मालकिणीने वारंवार तक्रारी केल्या आणि १९४० साली, युद्धाच्या धामधुमीत, कुटुंबाने ते सोडले. उलट लोस यांच्या घरातील पायऱ्या थकलेल्या गुडघ्यांना जाचक ठरणाऱ्याच. दोघांपैकी कोणीही निर्दोष नाही.

आज आपल्या शहरांतील इमारती काँक्रीटच्या खांबांवर उभ्या आहेत. आत मात्र साऱ्या खोल्या एकाच उंचीच्या. खांबांची युक्ती आपण घेतली. कोणत्या खोलीत कोण, कशासाठी बसणार, हा लोस यांचा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून गेला. घराचा आराखडा मांडताना तो आधी विचारला पाहिजे.