लोणार, समुद्र आणि गोडे पाणी

लोणारचे सरोवर म्हणजे आम्हा बुलढाणेकरांचा घरचा समुद्र! मात्र दोघांचा खारेपणा वेगळा. कोळ्याच्या होडीमागचे इंजिन थंड राहण्यासाठी समुद्राचेच पाणी ओढते. त्यातले मीठ अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. पांढरी भुकटी दिसली, बाहेर पडणारी पाण्याची धार मंदावली, की रोग ओळखावा. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर जिवाशीच गाठ! भुकटी खरवडून रंग द्यावा. स्वतः झिजून इंजिन वाचवणारा जस्ताचा तुकडा वेळीच बदलावा. लोणारच्या पाण्यात मिठाबरोबर सोडाही आहे. सोड्याने अॅल्युमिनियमचे पातेले काळवंडते, हे गृहिणींना ठाऊकच आहे. दोन्हीकडे पहिले औषध एकच: काम संपताच गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुणे. आणि गंमत पाहा, लोणारच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही वाहतेच आहे!