गाभाऱ्यामागची भिंत

इजिप्तच्या प्राचीन देवळांवर अभ्यास सुरू आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "गाभाऱ्यात एवढं लपवलेलं काय असायचं?" खजिना, गुप्तविद्या, शाप, काहीतरी हवंच असतं लोकांना. खरं सांगायचं तर आत एक मूर्ती असायची. प्रश्न लपवण्याचा नव्हताच, प्रश्न सोवळ्याचा होता.

एडफूच्या होरस मंदिरात चला. इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालेलं हे काम इ.स.पू. ५७ पर्यंत रेंगाळलं. दाराशी ३६ मीटर उंचीचे दोन मनोरे, मग उघडं अंगण, पुढे खांबांचे मंडप. जसजसे आत जाल तसतशी जमीन किंचित चढते, छत खाली येतं, उजेड आटत जातो. शेवटी जवळजवळ काळोख, आणि त्यात अखंड दगडाचा सुमारे ४ मीटर उंच देव्हारा. सामान्य माणूस फार तर सणावारी अंगणापर्यंत. पुढे नाही.

आत रोज पहाटे काय चालायचं, ते अबायडोसच्या सेती राजाच्या मंदिरात भिंतींवरच कोरून ठेवलंय. दारावरची मातीची मोहोर फोडायची, अडसर काढायचा, देवापुढे लोटांगण घालायचं. मग धूप, वस्त्रं, सुगंधी तेल, नैवेद्य. निघताना पुजाऱ्याने आपल्याच पावलांचे ठसे झाडूने पुसत बाहेर यायचं आणि दार पुन्हा बंद. नैवेद्य नंतर पुजाऱ्यांत वाटला जाई. प्रसादच म्हणा ना.

आता गंमत बघा. भिंतींवरच्या चित्रांत ही पूजा करणारा कायम राजा असतो, पुजारी नाही. तत्त्वतः आत जाण्याचा हक्क फक्त राजाचा. पण राजा एक आणि देवळं शेकडो. म्हणून पुजारी पूजेतच देवाला सांगतो की मला राजाने पाठवलंय. आणि हे पुजारी तरी कोण? खालच्या पायरीवरचे बरेचसे पाळीवाले. चार गट, एकेकाची एक महिन्याची पाळी, उरलेले तीन महिने आपापला कामधंदा. पाळी लागली की अंगावरचे केस काढायचे, दिवसरात्र आंघोळी करायच्या, लोकर टाकून तागाचं वस्त्र नेसायचं. अशा पुजाऱ्याला 'वाब' म्हणत. शब्दाचा अर्थच 'शुद्ध'. हा शुद्धपणा पाळीपुरता अंगावर घेतलेला असायचा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग बाकीच्यांनी करायचं काय? सणाला देव नावेत बसून पुजाऱ्यांच्या खांद्यावरून बाहेर यायचा, आपल्या पालखीसारखा. पण तिथेही मूर्ती पडद्याआड. दर्शन घ्यायचं ते नावेचं.

लोकांनी वाट काढली ती मागच्या बाजूने. कोम ओम्बोच्या देवळाला वळसा घालून मागे गेलात तर बाहेरच्या भिंतीवर चक्क कान कोरलेले दिसतील. गाऱ्हाणं इथे सांगायचं. पलीकडे देव आहे, तो ऐकतो. म्हणजे देवळानेच बाहेरच्यांसाठी केलेली ही सोय होती. आत न घेता. (पंढरपूरला महाद्वारापाशी चोखोबांची समाधी पाहिलेल्यांना हे अंतर वेगळं समजावायला नको. तिथे अडवणारी गोष्ट जन्माची होती, पाळीची नव्हे, आणि दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.)

डेन्डेराला याचा पुरावा दगडातच आहे. मागच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर गाभाऱ्याच्या पाठीशी, हाथोर देवीचा मोठा मुखवटा कोरलाय. त्याच भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सिझेरियन यांची भव्य चित्रं आहेत, पर्यटक फोटो काढतात ते त्यांचे. तुम्ही मात्र मुखवट्याकडे नीट बघा. तो पार झिजलाय, खरवडलेला आहे. भाविक तिथला दगड खरवडून चिमूटभर भुकटी घरी घेऊन जायचे.