माणदेशचे मेंढपाळ व त्यांचें ऋतुगमन

जुन्या कागदपत्रांतून ‘वनचराई’ हा शब्द वाचकांच्या दृष्टीस अनेकदां पडला असेल. परंतु ती पट्टी भरणारा मेंढपाळ कोठून येई, कोठें जाई व कां, याचा उलगडा वसुलाच्या कागदांतून होत नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें १०० किलोमीटरांवर दहिवडीकडे तो जेमतेम ५०० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. धनगराचें जीवित या दोन टोकांमध्यें गुंतलेलें आहे. पावसाळ्यांत माळावर गवत असतें, तोंवर कळप घरीं राहतो. दिवाळीच्या सुमारास चारापाणी सरूं लागलें म्हणजे घोड्यांवर बिऱ्हाड लादून कित्येक वाडे पश्चिमेस निघतात. कांहीं थेट कोंकणांत उतरतात. तेथेंही कायम राहतां येत नाहीं. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची; कोंकणच्या पावसांत तिची लोंकर वाळत नाहीं व चिखलांत खूर कुजतात. म्हणून मृगापूर्वीं घाट चढून परतणें भाग पडतें.

वाटेंत शेतकरी आपल्या रानांत मेंढ्या बसवून घेतो व लेंडीखताबद्दल धान्य किंवा पैसे देतो. लांडग्याच्या भयानें रात्रीं वाघर लावून कळप राखावा लागतो. तथापि लांडग्याहून मोठें संकट वाट अडण्याचें आहे. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतील चराईवर निर्बंध आले. पुढें पाटाच्या पाण्यानें शेतें बारमाही झालीं व पडीक जमीन उणावली. १९७२ सारखा दुष्काळ पडला म्हणजे दोन्ही टोकें एकदमच तुटतात.

हा व्यवहार अर्वाचीन नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रांत गोऽध्यक्षाच्या प्रकरणीं ऋतुपरत्वें विभागलेल्या अरण्यांत गुरें चारण्याचा नियम आहे, आणि कुरणांसाठीं विवीताध्यक्ष हा निराळा अधिकारीच नेमिलेला आहे.

धनगरांपाशीं दप्तर नाहीं; त्यांचा इतिहास बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्यांत व गोधनासाठीं पडलेल्यांच्या वीरगळांत आहे. गुंथर सोंथायमर यांनीं त्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या व १९७६ मध्यें या दैवतांवर जर्मन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु काम पुरें झालेलें नाहीं. एका खेड्यांत गाई कोरलेला वीरगळ शेताच्या बांधांत उलटा बसविलेला आम्हीं स्वतः पाहिला. पोथ्यांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या आमच्या मित्रांनीं वाटेवरील अशा शिळांचा ठसा व वृद्ध गायकांच्या ओव्यांची नक्कल अवश्य घ्यावी. पोथीची दुसरी प्रत क्वचित् सांपडते. यांची सांपडणार नाहीं.