पाच घरांचे मुख्यमंत्री

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. पर्युषण सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी वृत्तपत्राच्या पुरवणीत राजकारण या विषयावरचे शब्दकोडे आले होते. निवृत्तीनंतर शब्दकोडे सोडविणे हा माझा नित्यक्रम झाला आहे. परंतु या कोड्याने मला चार दिवस झुंजविले. ‘१९७८ मधील आघाडी’ म्हणजे ‘पुलोद’, हे चटकन सुचले. अडले ते एका पाच घरांच्या आडव्या शब्दापाशी. सूचक वाक्य होते, ‘चव्हाणांनंतरचे मुख्यमंत्री’.

मी शाईने ‘वसंतदादा’ लिहून टाकले. १९७७ साली शंकरराव चव्हाणांच्या जागी वसंतदादा पाटील आले, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. पेढीवर बसलेले माझे थोरले बंधू अण्णा म्हणाले, “कन्नमवार असेल बघ.” मी ताडकन उत्तरलो, “अण्णा, हा तुमचा विषय नव्हे.” समोर दोन गिऱ्हाइके आणि पुतण्या उभे होते. अण्णा काही न बोलता तराजूकडे वळले.

त्या शब्दाच्या तिसऱ्या घरातून दोन घरांचा एक शब्द खाली उतरत होता. त्याची सूचना होती, ‘दिले तरी आपल्यापाशीच उरते’. माझ्या ‘त’वरून मी ‘तह’ बसवून पाहिला. पण तह दिला जात नाही, केला जातो, आणि तो आपल्यापाशी उरतो असेही नाही. चौथ्या रात्री उत्तर सुचले : ‘मत’! मतपेटीत टाकले तरी मनात उरते ते मत. म्हणजे तिसरे अक्षर ‘म’ हवे. जोडाक्षराला एकच घर असते, हे ध्यानात घेऊन मोजले : क, न्न, म, वा, र. नेमकी पाच घरे.

चव्हाण आडनावाचे चार मुख्यमंत्री महाराष्ट्राने पाहिले. कोडे विचारीत होते पहिल्यांबद्दल. चीनच्या आक्रमणानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे होते. वडिलांच्या आजारपणामुळे त्याच वर्षी त्यांची शाळा सुटली. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते वडिलांना वृत्तपत्र वाचून दाखवीत. पुढे त्यांच्याच कष्टांवर माझे एम. कॉम. झाले आणि तो विषय ‘त्यांचा नव्हे’ असे मी त्यांना ऐकविले!

हिशेबनिसाला एक गोष्ट ठाऊक असते : तेरीज जुळली म्हणजे प्रत्येक नोंद बरोबर असतेच असे नाही. माझी पाचही घरे भरली होती. तेवढ्यावर मी खातरी बाळगून बसलो.

एकाच जागी दोन उत्तरे बसण्याचा एक गाजलेला प्रसंग अमेरिकेत घडला. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अध्यक्षपदाच्या मतदानाच्या दिवशीच, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गणिताचे प्राध्यापक जेरेमाया फॅरेल यांचे कोडे छापले गेले. उद्याच्या वृत्तपत्रातील प्रमुख बातमी कोणती, असा त्यात प्रश्न होता. ‘क्लिंटन’ आणि ‘बॉब डोल’ ही दोन्ही नावे इंग्रजीत सात अक्षरांची. उभे शब्दही असे योजले होते की कोणतेही नाव चालावे. हॅलोविन सणातील काळा प्राणी म्हणून कोणी मांजर लिहावे, कोणी वटवाघूळ; इंग्रजीत दोन्हींना तीनच अक्षरे आणि फरक केवळ पहिल्या अक्षराचा. आपल्याच उत्तराकडे पाहून अनेकांनी संपादकांकडे तक्रार केली की, निकालापूर्वीच विजेता कसा जाहीर केलात? दुसरेही उत्तर जुळते, हे त्यांच्या ध्यानीच आले नाही.

अनेकान्तवाद आपण व्याख्यानांत ऐकतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘अमुक एका अपेक्षेने’. १९७७ च्या अपेक्षेने मी बरोबर होतो, १९६२ च्या अपेक्षेने अण्णा. मात्र सगळीच उत्तरे सारखी, असा त्याचा अर्थ नव्हे. आडव्याची पारख उभ्या शब्दाने करावी लागते, आणि त्यासाठी दुसऱ्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते.

संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणानंतर सर्वांनी एकमेकांस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. दरवर्षी मी ते सरसकट म्हणतो. या वेळी पुतण्यासमोर, खाडाखोड केलेले कोडे अण्णांपुढे ठेवून, कोणत्या वाक्याबद्दल क्षमा मागतो आहे तेही सांगितले.

अण्णांनी चष्मा लावला, बोटाने घरे मोजली आणि म्हणाले, “अरे, वसंतदादाही पाच घरांतच बसतात की!”